लोकरीचं दुसरं टोक

"ती पोरगी कशालाच नाही म्हणत नाही," मिसेस टिडवेल म्हणाल्या होत्या. "तेव्हा तिच्या गळ्यात आणखी काही घालू नकोस, मॅरेन. विचारायचंच असेल तर जेवलीस का, ते विचार."

ती पोरगी म्हणजे लिनिया, घरातल्या जुन्या मुलींपैकी एक. आमची सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ; तिच्या इथल्या शाखेच्या घरात मुली एकत्र राहत आणि मिसेस टिडवेल त्यांच्यावर देखरेख ठेवत. मी याच घरातून शिकून बाहेर पडलेली, आता शाखेची सल्लागार. म्हातारपणी सगळीकडे संकटच दिसतं, असं मनात म्हणून मी विषय सोडून दिला. खरं तर मीच घाबरट. इंग्रिड झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसणारी. पण ती सगळी भीती माझ्या तान्ह्या मुलीपुरती.

शाखा तेव्हा मरणपंथाला लागली होती. जुन्या मुली चारच. हिवाळ्याच्या आत वीस जणी झाल्या नाहीत तर घराला कुलूप, असं वरून कळवलं होतं. आम्ही दारात उभं राहून घसा बसेपर्यंत गाणी म्हटली, ओळख नसलेल्या मुलींना मिठ्या मारल्या, आणि सोळा जणी आल्या. आता त्यातली एकही गळून चालणार नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक नवीला जुन्यांतली एक थोरली मिळते; त्या वर्षी एकेकीच्या वाट्याला चार-चार धाकट्या आल्या. थोरली आठवडाभर नाव न सांगता धाकटीसाठी भेटवस्तू ठेवते. शेवटच्या दिवशी धाकटीच्या हातात लोकरीचं टोक देतात. लोकर जिन्यावरून, खुर्च्यांखालून वळसे घेत जाते आणि दुसरं टोक धरून बंद दाराआड थोरली बसलेली असते. बाहेर धाकटीने गाणं म्हणायचं, आतून थोरलीने दार उघडायचं. बाहेरून कुणी उघडलं तर नातं टिकत नाही, असं आम्ही मानतो. थोरली आधी दिसूही नये, म्हणून ती सकाळीच जाऊन लपते.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला जुन्या चौघींतल्या कॅम्रिनने थोरली होण्यातून अंग काढून घेतलं. तिच्या चार धाकट्या उघड्यावर पडल्या.

"लिनिया, त्याही घेशील?"

"घेते ना. आठ लेकरांची आई! तुझ्या एकीचं कौतुक आता मला सांगू नकोस हं."

ती हसली, मीही हसले. तिला मधुमेह होता, इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर खावं लागे, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण मी काही विचारलं नाही.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आठ रंगांच्या लोकरी तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीपाशी आल्या. मुलींनी गाणं म्हटलं. दार उघडलं नाही.

"भाव खातेय!"

"आवाज चढवा गं, म्हातारीला ऐकू येत नाही!"

पुन्हा गाणं झालं. आत काहीतरी धप्पकन पडलं आणि सगळ्या आनंदाने किंचाळल्या. कडेवरची इंग्रिड दचकून रडू लागली. तिला थोपटत मी म्हणाले, "अजून एकदा. मोठ्याने."

तिसऱ्या खेपेला ओडेसा नावाची मुलगी मध्येच थांबली.

"मॅरेन, माझी लोकर सैल येतेय."

तिने ओढली. टोक दाराखालून सरपटत बाहेर आलं. मग बाकीच्यांचीही आली, एकेक करून. तरी दाराला कुणी हात लावेना. मीही नाही.

मिसेस टिडवेल पिठाच्या हातांनी खाली आल्या, आम्हाला बाजूला सारलं आणि दार ढकललं.

लिनिया दोन यंत्रांच्या मध्ये पडली होती. वर आठ पिशव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत चॉकलेटं, प्रत्येकीला रिबीन. एकाही रिबिनीची गाठ सोडलेली नव्हती.

लिनिया वाचली. पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला, असं डॉक्टर म्हणाले. सोळातली एकही मुलगी सोडून गेली नाही. असं झाल्यावर कोण सोडणार? घर चालू आहे. यंदा दारात गाण्यांचा सराव जोरात चाललाय.

मी लिनियाच्या गावी जाते. आई तिला चमच्याने भरवत असते. मला बघून ती हसते आणि काहीही विचारलं तरी हो म्हणते.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जिच्यावर सगळ्यांनी सगळं सोपवलंय. तिला आज फोन करा. मजेत आहे म्हणाली तर तेवढ्यावर ठेवू नका. जेवलीस का, विचारा. फोन उचलला नाही तर जा, आणि दार बंद दिसलं तर बाहेर थांबू नका.