साहेबांच्या कोटाचं पाचवं बटण

मावशी बटणं बोलून लावायच्या. गप्पा मारत नव्हे. गप्पांसाठी त्या सुई खाली ठेवायच्या. सुई हातात आली की ओठांवर प्रार्थना यायची, आणि तीही मनातल्या मनात नाही, चांगली शेजारच्या घड्याळजीला ऐकू जाईल अशी. घड्याळजी त्यांच्या पंथातला नव्हता. पण मावशी एखाद्या दिवशी आल्या नाहीत तर आपल्याला चाकं बसवायला सुचत नाही, अशी तक्रार तो करायचा.

त्यांच्या पंथाची शिकवणच तशी होती. ज्याच्यासाठी हात चालतोय, त्याच्यासाठी ओठही चालले पाहिजेत. पाव भाजणाऱ्याने खाणाऱ्यासाठी मागायचं, खुर्ची करणाऱ्याने बसणाऱ्यासाठी. मावशींच्या वाट्याला काजं आणि बटणं आली होती. कापड बेतणं आणि शिलाई धाकट्या भावाकडे. त्याला सगळे मास्तर म्हणत. कोटाला पाच बटणं. पहिलं घालणाऱ्याच्या तब्येतीसाठी, दुसरं त्याच्या घरातल्यांसाठी, तिसरं त्याचा राग ताब्यात राहावा म्हणून, चौथं त्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून, आणि पाचवं, सगळ्यात खालचं, तो सुखरूप घरी यावा म्हणून. बटणाखाली दोऱ्याचे वेढे किती द्यायचे हे मावशींनी कधी मोजलं नाही. प्रार्थना संपली की गाठ मारायची, एवढंच त्यांचं माप. अकरा वर्षांत त्यांचं एकही बटण तुटून परत आलं नव्हतं, आणि पोलीसठाण्याचे झाडून सगळे गणवेश या भावंडांच्याच दुकानात शिवले जात होते.

मग वरून हुकूम आला. हा पंथ बंद. प्रार्थनाघराला टाळं लागलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंची नोकरी गेली, पाववाल्याच्या काचा दोनदा फुटल्या. पंथातल्या प्रत्येकाने एका छापील कागदावर सही करायची होती: ‘मी हा पंथ सोडला आहे आणि यापुढे कुठेही प्रार्थना करणार नाही.’ मास्तरने केली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि घरात दोन लहान मुलं होती. मावशींचा कागद मात्र शिवणाच्या मशीनवर तसाच पडून होता. त्यावर त्या खडूचे तुकडे ठेवायच्या.

सोमवारी ठाण्याचे साहेब स्वतः दुकानात आले. रविवारी मोठी कवायत होती आणि त्यांना नवा कोट हवा होता. मास्तरने मापं घेतली. साहेबांनी मशीनवरचा कागद पाहिला, खडू बाजूला सारले.

“शनिवारपर्यंत बाईंची सही आली नाही तर दुकानाला सील,” ते म्हणाले. “आणि माझ्या कोटावर ती बडबड नको.”

मावशींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण समोर मास्तर गळ्यात टेप अडकवून असा उभा होता की त्यांनी ते गिळलं.

साहेब गेल्यावर मास्तर म्हणाला, “ताई, तू सही करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून तुला ओळखतो. पण निदान एवढा कोट होईपर्यंत तोंड मिटून ठेव. कोट आवडला तर साहेब विरघळतील.”

“साहेब काय साखर आहेत विरघळायला?”

“माझ्यासाठी, ताई.”

या भावाला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याने ‘माझ्यासाठी’ म्हटलं की मावशींचं शहाणपण शेण खायला जायचं. त्या हो म्हणाल्या.

गुरुवारी त्या कोट घेऊन बसल्या आणि दुकानात अशी शांतता पसरली की मास्तरची बायको आतून तीनदा विचारून गेली, “वन्सं, बरं नाही का?” घड्याळजीही डोकावून गेला. मावशी नुसती मान हलवत होत्या. बरं वाटत नव्हतंच. शिवाय एक नवीनच पंचाईत झाली होती. प्रार्थनाच नाही, तर गाठ मारायची कधी? त्यांनी वेढे मोजायला घेतले, पण सातावर आल्यावर भावजय चहाचं विचारायला आली आणि आकडा गेला. पुढच्या बटणाला आकडा होता, पण तो बरोबर किती असायला हवा हे कुणाला माहीत? शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे करून त्यांनी पाचही बटणं लावली आणि कोट टांगून ठेवला. दिसायला झकास दिसत होता.

शुक्रवारी साहेब हवालदाराला घेऊन आले. कोट चढवला, बटणं लावली, आरशासमोर उभे राहिले आणि सलामी घेताना भरतात तशी छाती भरली.

पहिलं बटण आरशावर टणकन आपटलं. साहेबांनी खाली पाहिलं तोवर दुसरं सुटलं. ते उचलायला वाकले तेव्हा तिसरं आणि चौथं बरोबरच गेलं. पाचवं तेवढं एका धाग्यावर लोंबकळत राहिलं. हवालदाराला हसू आलं. त्याने त्याचा खोकला करून टाकला.

“हे मुद्दाम केलंत,” साहेब म्हणाले.

“नाही, नाही साहेब,” मास्तर घाईने म्हणाला. “हात चुकला. वय झालंय तिचं.”

साहेबांनी बहिणीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. “वय झालं असेल तर मी समजू शकतो. बाई, हात चुकला म्हणा, या कागदावर सही करा, बटणं नीट लावून द्या. विषय संपला.”

इतकं सोपं होतं. मावशींना भीती वाटत नव्हती असं कुणी सांगेल तर खुशाल खोटं समजा. दुकानाचं काय होणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. पण हात चुकला हे त्यांच्या तोंडून येईना. आपण एकदा गप्प बसलो त्याचा हा परिणाम, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं.

“वय झालंय हे खरं आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “पण हात चुकला नाही. तोंड बंद होतं म्हणून असं झालं. मला वेढे मोजता येत नाहीत, प्रार्थना संपली की मी गाठ मारते. गेली तीन वर्षं तुमच्या प्रत्येक कोटावर तुमच्यासाठी पाच वेळा मागणं मागितलंय. एक तरी बटण पडलं?”

साहेबांनी विचारलं, “काय मागायचात?”

मावशींनी पाचही सांगितली. तिसरं सांगताना हवालदाराला पुन्हा खोकला आला.

“रागासाठी?” साहेब लालबुंद झाले.

“हो. त्याला जरा वेळ लागतोय.”

“माझ्या सगळ्या जुन्या कोटांची बटणं उसवून टाका. आजच्या आज.”

“बटणं उसवते की. पण मागितलेलं कसं उसवू?”

साहेबांनी कागद पुढे सरकवला. मावशींनी तो नीट घडी करून त्यांच्या हातात परत दिला. “हे जमणार नाही, साहेब. एकदा भावासाठी गप्प बसून पाहिलं, त्यात तुमचा कोट गेला. आता बोलणार.”

झालं. मावशींना ठाण्यावर नेलं. जाताना त्यांनी पिशवीत सुईदोऱ्याची डबी तेवढी टाकली.

रात्र बाकावर काढून सकाळी त्या पाय मोकळे करत होत्या, तर हवालदार घुटमळत जवळ आला. त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं. “मावशी, एवढं जरा.”

“तोंड उघडं ठेवून लावीन हं.”

“लावा हो. इथे कोण ऐकतंय?” असं म्हणून त्याने साहेबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते अर्धं उघडं होतं.

एकाचं झालं, मग दुसरा आला, मग बाकासमोर रांगच लागली. मागच्या एकाला धडधाकट बटण ओढून तोडताना मावशींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका शिपायाची बायको दिवसांत होती, तो म्हणाला, “दुसरं जरा लांबवा, मावशी.” त्यांनी इतकं लांबवलं की त्याच्या बटणाखाली दोऱ्याचा गड्डा झाला.

दुपारी मास्तर डबा घेऊन आला. “सील लावलं, ताई,” म्हणाला. डोळे लाल होते, पण आज खांदे पडलेले नव्हते. डबा बाकावर ठेवून तो तडक हवालदाराकडे गेला. “मी सही केलेला कागद मला परत हवा.”

“का?”

“ती सही खोटी आहे.”

हवालदाराने डोकं खाजवलं. “कागद परत द्यायचा नियम नाही.”

“मग मी इथेच बसतो.” आणि तो येऊन मावशींच्या शेजारी बसला.

“अरे, तुला वेड लागलंय का?” मावशी म्हणाल्या. “घरी मुलांना कोण बघणार?”

“त्यांची आई आहे. ती म्हणाली, वन्संना एकटं सोडून आलात तर दार उघडणार नाही.” मग हळूच म्हणाला, “गुरुवारी तू गप्प होतीस ना, तेव्हा मला दुकानात बसवेना. मीच तुला गप्प केलं होतं.”

मावशींनी डबा उघडायचं निमित्त करून मान खाली घातली. त्यांना रडू येत होतं, आणि कित्येक महिन्यांत वाटला नव्हता इतका आनंदही होत होता.

जेवण उरकतंय तोच हवालदार साहेबांच्या खोलीतून बाहेर आला. हातात नवा कोट होता आणि मुठीत चार बटणं. “साहेब म्हणतात, उद्या कवायत आहे. लावून द्या.”

मावशींनी पदराला हात पुसले. “साहेबांना विचारून ये. तोंड बंद ठेवून लावू की उघडं?”

हवालदार आत गेला. ठाण्यात टंकलेखन करणाऱ्याने बोटं थांबवली. मास्तरने बाकाची कड घट्ट धरली.

हवालदार बाहेर आला. चेहरा अगदी सरकारी होता.

“साहेब म्हणतात, बटण पडता कामा नये.”

मावशींनी सुईत दोरा ओवला. पहिलं बटण तब्येतीसाठी, दुसरं घरातल्यांसाठी. तिसऱ्याला त्यांनी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. चौथं झालं. लोंबकळणारं पाचवं त्यांनी काढून घेतलं आणि नव्याने लावायला सुरुवात केली. हवालदाराने येताना ओढून घेतलेलं दार आता वीतभर उघडं होतं.

“देवा, साहेब सुखरूप घरी पोचू देत,” मावशी म्हणाल्या, घड्याळजीला ऐकू जायचं तेवढ्याच आवाजात. वेढे अजून कमी वाटत होते, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, “आणि आम्ही दोघंही.”

आतून साहेब खाकरले. मावशींनी गाठ मारली.