फ्रोवर्ड मुलगी

१९६१ साली इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम ‘एफ’ अक्षरापाशी आलं होतं. थोरली त्या कचेरीत प्रुफं वाचायची. मुख्य संपादक तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचेच अण्णा. एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून बघायचं, अशी तिथली रीत. उदाहरणाची वाक्यं अण्णा मनानेच रचत.

त्या दुपारी वाचायची पाळी थोरलीची होती.

“फ्रोवर्ड. विशेषण, जुनं. हट्टी, मुद्दाम उलट वागणारा. उदाहरण : बापाने जमवलेलं लग्न मोडणारी फ्रोवर्ड मुलगी बापाच्याच घरात म्हातारी होते.”

खोलीत खसखस पिकली. तिने सोयरीक मोडल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं?

“अण्णा, हा शब्द आता कोणी वापरत नाही,” ती म्हणाली. “अशा शब्दांना आपण नुसता अर्थ देतो. उदाहरण कशाला?”

“वापरत नाही कसं? आपल्या घरात रोज लागतो की!”

पुन्हा हशा. तिने मान खाली घालून पुढचा शब्द वाचला.

संध्याकाळी ती छपाईचे खिळे जुळवायच्या खोलीत गेली. येत्या रविवारी तिथला कंपोझिटर अण्णांकडे तिला मागणी घालणार होता. दोघांचं तसं ठरलं होतं.

“ती ओळ गाळा. पानात मावली नाही म्हणा. छपाईतलं तुमचं अण्णा ऐकतात.”

“आत्ताच कशाला त्यांना दुखवायचं? एकदा लग्न होऊ दे, मग कोण वाचतंय!”

“आणि लग्नानंतरही त्यांनी चारचौघांत माझं हसं केलं तर?”

“वडीलच आहेत, बोलणारच. इतकं मनाला लावून घेऊ नये.”

बोलता बोलता त्याने चिमट्याने त्याच ओळीतलं एक चुकलेलं अक्षर उपटलं, बरोबर अक्षर बसवलं आणि ओळ घट्ट केली.

“मग रविवारी येऊ नका.”

“अहो, एका ओळीपायी?”

“हो. एका ओळीपायी.”

कंपोझिटरचं लग्न पुढच्याच वर्षी झालं. मुलगी अण्णांनीच सुचवली. पुढे तो छापखान्याचा मुख्य झाला. अण्णांचा मोठा सत्कार झाला, मग अर्धांगवायूने वाचा गेली. थोरलीने त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं, पण त्यांचा चेहरा उजळायचा तो धाकटी बहीण माहेरी आली की. थोरलीने ‘झेड’पर्यंतची प्रुफं वाचली, डोळे अधू करून घेतले आणि धाकटीच्या घरी मागच्या खोलीत राहायला गेली. धाकटीची नातवंडं तिच्याकडे इंग्रजी शिकायला बसतात. ती मन लावून शिकवते. लाड मात्र कोणाचेच करत नाही.