रक्षाचा वात

सावंगीत बाळ-बाळंतिणीला मालीश करून न्हाऊ घालायचं काम मी पंचवीस वर्षं करते आहे. त्यामुळे लोकांच्या न्हाण्या मला त्यांच्या बैठकीपेक्षा जास्त ठाऊक. बाहेर संगमरवर आणि आत शेवाळ, हे इतकं पाहिलंय की आता नाकही मुरडत नाही. पण अनुसयाबाईंच्या अंगणातली न्हाणी आठवली की अजून थुंकावंसं वाटतं.

अनुसयाबाईंच्या मुलाचं, धीरजचं, लाईटच्या सामानाचं दुकान. वरच्या मजल्यावर छतापर्यंत टाइल्सचं बाथरूम, त्याला लागून देवघर. सून रक्षा पहिलटकरीण, मुलगी झालेली. सव्वा महिना विटाळ म्हणून तिला खालची न्हाणी नेमून दिली होती. दोघी बसलो तर दार लागायचं नाही. भिंतीला काळी ओल, मोरीच्या जाळीत कुणाकुणाचे केस, आणि डोक्यावर गंजका गिझर, त्यातून तांबूस पाणी भिंतीवर ओघळलेलं. त्या वासात मी त्या दीड वितीच्या पोरीला न्हाऊ घालत होते. रोज आधी फडा घेऊन जाळी साफ करायची, मग हात धुवायचे, आणि तरी जेवताना तो वास आठवायचा.

तिसऱ्या दिवशी रक्षा म्हणाली, “मावशी, हाताले झिणझिण्या येतात. पार कोपरापर्यंत.”

“वात आहे,” मी म्हटलं. “बाळंतपणात होतेच. रोज चोळलं का जाते.”

ओवा-लसणाचं तेल कोमट करून मी तिचे हात चोळायची. तिला जरा बरं वाटायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी यायच्या आधी ती एकटीच गरम पाण्याच्या बादल्या भरून ठेवायची, हे मला दिसत होतं. पण माझ्या डोक्यात वात बसला होता. “वात हट्टी हाय, पण माह्या हातानं जाईन,” असं मी अनुसयाबाईंना ऐटीत सांगितलंसुद्धा.

नवव्या दिवशी पाणी कमी पडलं. मी पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, टाचा ओल्या फरशीवर, आणि पायांवर पोरगी पालथी, साबणानं बुळबुळीत. नळ सोडायला मी ओला हात पुढे केला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की दातावर दात आपटले. पोरगी पायावरून सुटली. दाराशी उभी असलेली रक्षा झेपावली म्हणून, नाहीतर पोरीचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं असतं.

माझ्या किंकाळीनं अनुसयाबाई आल्या. पदर सावरून, विटाळ लागू नये एवढ्या अंतरावर उभ्या राहिल्या.

“नळाले करंट हाय!” मी ओरडले.

“थोडीशी येते व,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पाट ठेवला. कोरड्या हातानं सोडाव नं नळ.”

न्हाणीत कोरडा हात! बाईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिनं पाट ठेवला होता.

धीरज दुकानाला निघालेला, गाडीची किल्ली बोटात फिरवत आला. त्याला तर सगळं व्यवस्थित ठाऊक होतं.

“त्याचं काय आहे, गंगाबाई, करंट लीक झाली का आपोआप बंद पडणारा स्विच आपण घरभर लावला. एक नंबर वस्तू. आपल्याच दुकानातला. पण तो रोज पडे. टीव्ही बंद, फ्रिज बंद.”

“काऊन पडे?”

“ह्या न्हाणीमुळं. इथला गिझर लीक आहे. मंग न्हाणीची लाईन त्या स्विचातून काढून डायरेक्ट केली. आता पडत नाई.”

किती छान दुरुस्ती केली, अशा सुरात सांगत होता. तो स्विच बिचारा रोज बोंबलून सांगत होता, आणि ह्या शहाण्यानं त्याचंच तोंड बांधलं. मला त्याची किळस आली. रोज फड्यानं साफ करायच्या त्या केसांच्या जाळीचीही एवढी आली नव्हती.

“पोरीले वर नेऊ द्या,” मी म्हटलं.

“देवघर हाय वर,” अनुसयाबाई म्हणाल्या. “सव्वा महिन्याचाच तं प्रश्न हाय.”

साबणानं माखलेली पोर छातीशी धरून रक्षा नवऱ्याला म्हणाली, “झिणझिण्या येतात म्हणून मी तुमाले रोज सांगून राह्यली होती. तुमाले नाई समजलं, कायच्या ते?”

धीरजची किल्ली थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“गंगाबाईच तं म्हणे, वात आहे म्हणून.”

यात खोटं काय होतं? मला त्या दोघांची किळस आली होती, पण आता ती माझ्याच तेलकट हातांची यायला लागली. रोज झटका खाऊन आलेले तिचे हात मी चोळून पुन्हा त्याच नळाकडे पाठवत होते.

रक्षा जिन्याकडे निघाली.

“अव, विटाळ...” अनुसयाबाई ओरडल्या, पण आडव्या आल्या नाहीत, शिवावं लागलं असतं. रक्षा ओल्या पायांनी जिना चढली, देवघरासमोरून गेली. वर कडी लागल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा.

मी जिन्याखालून हाक मारली, “रक्षा, मी येऊ का वर? पोरीले धराले?”

“नोका येऊ, मावशी,” आतून ती म्हणाली. “तुमी बी नोका येऊ.”