मित्रराष्ट्राच्या गुडघेबाई

महापौरांच्या बायकोला एकच भाऊ होता आणि त्याची नोकरी कुठेच टिकत नव्हती, म्हणून पालिकेत सांस्कृतिक अधिकारी हे पद निघालं. दारावर तशी पाटीही लागली. पण शिपायापासून आयुक्तांपर्यंत सगळे त्याला 'मेहुणे' म्हणूनच हाक मारत, आणि तोही बिनतक्रार ओ देई.

काम बेताचं होतं. पुष्पगुच्छ मागवायचे, माइकला टिचक्या मारून बघायच्या आणि पाहुण्यांची ओळख करून देताना गहिवरायचं. गहिवरण्यात मात्र मेहुण्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा तर सांडपाण्याच्या पंपाचं उद्घाटन करताना त्याने पहिल्या रांगेला डोळे पुसायला लावले होते.

त्या वर्षी वरून आदेश आला. मित्रराष्ट्राच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आहेत, तरी प्रत्येक शहराने हा दिवस थाटात साजरा करावा.

"हे राष्ट्र आपलं मित्र कधीपासून?" रात्री जेवताना महापौरांनी विचारलं.

"गेल्या महिन्यापासून, दाजी. तेलाचा करार झाला ना!"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आपण त्यांचा निषेध करायचो. मागल्या वर्षी चौकात त्यांचा झेंडा जाळला होता. काडी तुम्हीच ओढलीत. ऑफिसात मोठा फोटो आहे."

"तो आधी उतरव," महापौर म्हणाले आणि त्यांनी वाटीतलं वरण वरपलं.

महापौरांच्या उत्साहाला कारण होतं. समारंभाला राजदूत जातीने येणार होते, आणि ज्याचा सोहळा त्यांना आवडेल तो महापौर सरकारी पाहुणा म्हणून सपत्नीक त्यांच्या देशात जाणार, अशी कुणकुण होती. मेहुण्याच्या ताईने बॅगा माळ्यावरून काढून पुसून ठेवल्याही होत्या.

"स्टेजवर त्यांच्या देशाचं एक तरी माणूस पाहिजे," महापौर म्हणाले. "आपल्या गावात कुठून आणायचं?"

"आहे की," पलीकडे गुडघा चोळत बसलेली महापौरांची आई म्हणाली. "माझी गुडघेबाई तिकडचीच."

गुडघेबाई म्हणजे पालिकेच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. या गावात तिला बारा-तेरा वर्षं झाली होती. इथली भाषा ती इतकी छान शिकली होती, की कण्हणाऱ्या पेशंटांना रागवायला तिला शब्द शोधावे लागत नसत. निम्म्या गावाचे गुडघे तिच्या हाताखालून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मेहुणा तिच्या खोलीत गेला, तेव्हा ती एका आजोबांचा पाय हवेत धरून उभी होती.

"मला नको," त्याचं पुरतं ऐकूनही न घेता ती म्हणाली.

"अहो, नुसतं बसायचं आहे. तुमच्याकडचा पारंपरिक पोशाख घालून—"

"आमच्या पोशाखाला तिकडे बंदी आहे."

मेहुण्याने ते ऐकलं. पण ऐकलेलं सगळं समजून घ्यायचं नसतं, हे तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकला होता. "मग साधाच घाला," तो म्हणाला. "बाई, नाही म्हणू नका. दाजी मला उभा सोलतील."

तिने आजोबांचा पाय हळूच खाली ठेवला. "मला दोन शब्द बोलू द्याल? माझ्या भाषेत?"

मेहुणा आनंदाने उडालाच. "वा! याहून चांगलं काय?"

महापौरही खूश झाले. कुणाला काही कळणार नाही, म्हणजे कुणी काही धरणार नाही, असा त्यांचा हिशोब.

समारंभाला सभागृह खच्चून भरलं होतं, कारण न येणाऱ्याची रजा मांडली जाणार होती. राजदूत आले. दोन्ही राष्ट्रगीतं झाली. मेहुण्याने 'युगानुयुगांची मैत्री' म्हणताना असा काही आवाज लावला, की राजदूतांनीही क्षणभर आठवून बघितलं. मग गुडघेबाई उठली. अंगावर दवाखान्यातलाच पांढरा कोट होता.

ती बोलायला लागली आणि राजदूतांचं हसू गालावर तसंच राहिलं. ते सेक्रेटरीकडे वाकले. सेक्रेटरीने मान हलवली. त्यालाही शब्द कळत नव्हता, पण भाषा कुठली ते कळलं होतं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"हे काय चाललंय?" महापौर ओठ न हलवता कुजबुजले. "भाषांतर कर!"

"मला कुठे येतं, दाजी?"

"नाही यायला काय झालं? कर!"

ती थांबली. मेहुण्याने माइक ओढला. "आपल्या भगिनी म्हणतात," तो गहिवरून म्हणाला, "की आज त्यांना आपल्या प्रिय मातृभूमीची आठवण येते आहे. तिथले डोंगर, तिथलं उदार सरकार—"

टाळ्या झाल्या. गुडघेबाईने त्या संपू दिल्या. मग ती पुढे झाली आणि इथल्या भाषेत, पेशंटला व्यायाम समजावून सांगावा तशा आवाजात म्हणाली,

"मेहुणे छान बोलले. पण मी हे म्हणालेच नाही. मी म्हणाले, यांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचं खोरं कुणाला न विचारता त्यात घालून टाकलं. आमची शाळा बंद केली. आत्ता मी बोलले त्या भाषेत माझे वडील घरी मुलांना शिकवायचे, म्हणून एक दिवस त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. दर वर्षी या दिवशी सैनिक दारोदार येऊन झेंडा लावायला लावतात. माझी आईही लावते, कारण धाकटा भाऊ अजून घरात आहे. एवढंच. आणि महापौरांच्या आईंनी गेले तीन दिवस व्यायाम केलेला नाही, तो करावा."

पहिल्या रांगेत महापौरांच्या आईने काठी मांडीवर ठेवली आणि ती एकटीच टाळ्या वाजवायला लागली. महापौरांच्या आईच्या टाळ्या बघून सगळ्या खात्यांनीही वाजवल्या.

राजदूत मुरलेले होते. ते सावकाश उठले आणि म्हणाले, "असं मोकळेपणाने बोलता येणं, हीच तर आपल्या दोन देशांच्या मैत्रीची किमया!" यावर महापौरांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या. दौरा त्यांनाच मिळाला.

सकाळच्या पेपरात आलं, 'मित्रराष्ट्राच्या कन्येला भावना अनावर'. आणि संध्याकाळी वरून फोन आला, बाईला दवाखान्यातून काढा.

"तू आणलीस, तूच सांग," महापौर मेहुण्याला म्हणाले.

मेहुणा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसलेले म्हातारे बघितले आणि त्याला आपण माइकवर म्हटलेलं ते 'उदार सरकार' आठवलं. तो तसाच मागे वळला, थेट बहिणीच्या घरी गेला आणि तिच्या सासूपाशी बसला.

"मावशी, दाजी गुडघेबाईला काढताहेत."

म्हातारीने लेकाला हाक मारली. तो म्हणाला, "आई, वरून दबाव आहे."

"मग वरच्यांना सांग, येऊन माझा गुडघा वाकवा म्हणावं."

महापौर बॅग भरायला गेले. गुडघेबाईची नोकरी गेलीच. मेहुण्याचीही बदली झाली, मलनिस्सारण विभागात. तिथे कुणाच्या स्वागताची भानगड नव्हती. त्याला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी महापौर मित्रराष्ट्राहून परतले. बगलेत पितळी सन्मानचिन्ह होतं आणि विमानात कंबर धरल्यामुळे चाल खेकड्याची झाली होती. घराचं दार उघडंच होतं. दिवाणखान्यातले सोफे भिंतीला सरकवले होते. जमिनीवर गाद्या होत्या आणि गल्लीतले आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या त्यांवर पडून, आकडे मोजत एकेक पाय वर उचलत होते. मधोमध गुडघेबाई उभी होती.

"हे कुणाला विचारून?" महापौर ओरडले.

"मला," आई खुर्चीतून म्हणाली. "घर माझ्या नावावर आहे."

महापौरांनी गाद्यांवर नजर फिरवली. निवडणूक तोंडावर आली होती, आणि गाद्यांवरचे सगळेच न चुकता मतदान करणारे होते. त्यांनी आवाज खाली आणला. "छान, छान. बाहेर एक फलक लावू या का? माझा फोटो टाकून?"

"आधी आडवे व्हा," गुडघेबाई म्हणाली. "कंबर वाकडी झाली आहे तुमची."

सन्मानचिन्ह कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना. शेवटी ते एका आजोबांच्या हातात देऊन महापौर पालथे पडले. गुडघेबाईने कमरेवर अंगठा रोवला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"ओरडू नकोस रे," आई म्हणाली. "बाकीच्यांची मोजणी चुकते."