आधी ढवळा

कॉलेजकडून आलेलं पत्र ऑरिन टॉफ्टेनं दोनदा वाचलं. पत्रासोबत निळ्या कव्हरची एक सरावपुस्तिका होती. ती त्यानं एकदाही उघडली नाही. मंगळवारी त्याची मेहुणी व्हर्ना नेहमीप्रमाणे भट्टीत भाजलेल्या नूडल्सचं, म्हणजे हॉटडिशचं, गरम पातेलं घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "ठेव त्या पुस्तिकेवर. टेबलाला डाग पडायला नको."

व्हर्नानं पातेलं ठेवलं आणि मग पुस्तिकेकडे नीट पाहिलं.

"अरे, ही तर तुझ्या परीक्षेची आहे! परवा परीक्षा ना? उघडलीस तरी का?"

"अभ्यासाची परीक्षा नाही ती," ऑरिन ताटल्या काढत म्हणाला. "गणितात आणि वाचनात माणूस कुठे उभा आहे ते बघतात आणि त्याप्रमाणे वर्गात बसवतात. पत्रातच लिहिलंय, या चाचणीत कुणी नापास होत नाही."

"तरी पण नजर टाकायला काय जातं?"

"नजर टाकली तर ते खरं राहत नाही. खिशात दगड भरून वजनकाट्यावर उभं राहायचं का मी?"

"दगड तुझ्या डोक्यात भरलेत," व्हर्ना म्हणाली. "माझ्या बहिणीनं अठ्ठावीस वर्षं कसा संसार केला तुझ्याशी, देव जाणे."

हे ती प्रेमानं म्हणाली. ऑरिनही हसला. मग मीठ आणायला तो कोठीच्या दाराकडे गेला आणि उंबऱ्यापाशी त्यानं सवयीनं पाय उंच उचलला. तिथे आता काहीच नव्हतं. आठ महिने तिथून प्राणवायूची नळी जात असे. त्याच्या बायकोचं, मार्लिसचं, यंत्र झोपायच्या खोलीत होतं आणि नळी चांगली लांब, घरभर पुरणारी. नळी धरून गेलं की मार्लिस सापडायची. नोव्हेंबरात ती गेली. यंत्र परत गेलं, नळी गेली, पण पाय अजून उचलला जात होता. व्हर्नानं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

ऑरिन चोपन्न वर्षांचा होता. एकोणतीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला; गोठ्यागोठ्यावर जाऊन टाकीतल्या दुधाचा तपासणीसाठी नमुना घ्यायचा आणि मग दूध उचलायचं, हे त्याचं काम. विस्कॉन्सिनच्या त्या भागात गोठे एकामागून एक बंद पडले, तसा त्याचा फेरा आखूड होत गेला आणि गेल्या वसंतात संपलाच. मार्लिसच्या शेवटच्या महिन्यांत दर बुधवारी श्वसनोपचाराचं काम करणारा एक माणूस घरी यायचा. त्यानं ऑरिनला यंत्र लावायला शिकवलं, छातीला कान लावून श्वास ऐकायला शिकवलं. एकदा मार्लिस म्हणाली होती, "तुझे हात शांत आहेत रे. तू हेच काम करायला हवं होतंस." ते वाक्य ऑरिनच्या मनात रुतून बसलं होतं. जिल्ह्याच्या कॉलेजात श्वसनोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वर्षातून एकदा, ऑगस्टअखेर सुरू व्हायचा आणि सोळाच जणांना घ्यायचा. ऑरिनला एक जागा मिळाली होती. फक्त अट अशी होती, की गणितात निदान बीजगणिताच्या वर्गात बसता आलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून परीक्षेच्या खोलीत गेला. तिथे काम बघणाऱ्या बाई म्हणजे आर्डिस स्कॉग. त्यांच्या गोठ्यावरून त्यानं पुष्कळ वर्षं दूध उचललं होतं. गाई विकल्यावर त्यांनी कॉलेजात ही नोकरी धरली होती.

"ऑरिन! मार्लिसचं कळलं. वाईट झालं रे." त्यांनी त्याचा हात क्षणभर धरून ठेवला. मग दोन पेन्सिली आणि कोरे कागद पुढे केले. "हे घे, आकडेमोडीला."

"नको, मिसेस स्कॉग. डोक्यात येईल तेवढं खरं."

त्या काही बोलणार होत्या, पण मागे तीन जण उभे होते.

ऑरिन संगणकापुढे बसला. वाचन बरं गेलं. गणिताचा पहिला प्रश्न अपूर्णांकांचा होता. उत्तर चुकलं असावं, कारण पुढचा प्रश्न सोपा आला. तोही चुकला. त्यापुढचा आणखी सोपा आला. प्रश्न जसजसे सोपे होत गेले तसतसे ऑरिनचे कान तापत गेले. हा संगणक आपल्याला एकेक पायरी खाली उतरवतो आहे, हे त्याला कळत होतं आणि कुठल्या पायरीवर पाय रोवावा ते सुचत नव्हतं. शेवटी शेवटी तर तिसरीतल्या पोराला घालावेत तसे प्रश्न येऊ लागले आणि तेही तो घाबरून चुकवू लागला.

निकाल लगेच छापून आला. आधी दोन सत्रं तयारीचं गणित, मग बीजगणित. म्हणजे सोळांतली ती जागा गेली. पुढच्या ऑगस्टात पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

ऑरिननं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ठीक आहे. नमुना खोटं बोलत नाही."

"थांब," मिसेस स्कॉग म्हणाल्या. "ही परीक्षा एकदा पुन्हा देता येते. बारा ऑगस्टच्या आत. तीन आठवडे आहेत."

"नाही. मनासारखं उत्तर येईपर्यंत नमुना घेत राहायचं, असलं काम मी जन्मात केलेलं नाही."

आणि तो निघाला.

त्या त्याच्या मागोमाग बाहेर आल्या. दारापाशी निळ्या पुस्तिकांचा ढीग होता, तिथे त्यांनी त्याला गाठलं. "ऑरिन टॉफ्टे, तू माझ्या नवऱ्याला, हाल्वरला, एकदा कडाक्याच्या थंडीत वीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतंस. आठवतं?"

ऑरिन थांबला. "टाकीची ढवळणारी मोटर जळली होती तेव्हा?"

"तेव्हाच. हाल्वर म्हणाला, वरूनच घे नमुना, काय बिघडतं? रात्रभरात साय वर आलेली होती. वरून घेतला असतास तर आमचं दूध जिल्ह्यात पहिलं आलं असतं!"

"पण ते खोटं झालं असतं."

"आणि तळातून घेतला असतास तर?"

"तेही खोटं. खाली नुसतं पाणचट दूध."

"मग तू काय केलंस?"

ऑरिन जरासा चिडला. हे काय विचारायचं झालं? "लांब दांड्याची ढवळणी धुऊन घेतली आणि हातानं ढवळलं. ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचाच नसतो. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

"ढवळल्यानं दुधात साय वाढली का?"

"वाढेल कशी? होती तीच सगळीकडे पोचते."

"मग मला सांग," मिसेस स्कॉग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी शाळा सुटून छत्तीस वर्षं झाली. छत्तीस वर्षं टाकी हलली नाही. आज तू न ढवळता, कागद-पेन्सिलसुद्धा न घेता, सरळ तळातून नमुना काढलास. आणि वर मला सांगतोस, नमुना खोटं बोलत नाही?"

ऑरिननं खिशातला कागद बाहेर काढून पुन्हा पाहिला. एकोणतीस वर्षं रोज सकाळी जे केलं, ते स्वतःच्या बाबतीत करायचं त्याला सुचलंच नव्हतं!

तो म्हणाला, "पण समजा, मी विसरलेलो नाही. मुळात मला येतच नव्हतं, तर?"

"मग तेही कळेल. ढवळल्यावर कळेल ते खरं. मग तयारीच्या वर्गात बस खुशाल, त्यात कमीपणा नाही." त्यांनी पुस्तिकांच्या ढिगाकडे बघितलं. "दर उन्हाळ्यात बघते मी. रात्रपाळी संपवून तशीच धावत आलेली माणसं, चष्मा घरी विसरलेली, पुस्तिका न उघडलेली. कुणी नापास होत नाही म्हणे! नापास होत नाहीत, ऑरिन, नाहीशी होतात. निकालाचा कागद घेऊन या दारातून जातात ती पुन्हा दिसत नाहीत. त्यांना वाटतं, आपली पायरी ठरली. ट्रॅक्टरचं इंजिन खोलून परत बसवणारी माणसं रे ती!"

ऑरिननं एक पुस्तिका उचलली आणि परत ठेवली. "माझी आहे घरी," तो म्हणाला. "पातेल्याखाली."

त्या संध्याकाळी त्यानं व्हर्नाला फोन करून सगळं सांगितलं. व्हर्ना काही म्हणाली नाही, हेच त्याला जास्त लागलं. पाऊण तासानं ती दारात हजर. हातात पेन्सिलींचा डबा.

"फोनवर नेहमीसारखं चार शब्द बोलली असतीस तर बरं वाटलं असतं," ऑरिन म्हणाला.

"बोलेन की. आधी बस."

व्हर्नानं सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. अपूर्णांकांचं पान उघडल्यावर ती म्हणाली, "सहा मुलांना पाऊण कप पीठ लागतं. चाळीस मुलांना किती?"

"पाच कप."

"कसं काढलंस?"

"सहाला पाऊण, म्हणजे आठाला एक. चाळिसात आठ पाच वेळा."

"मग इथे तेच तर विचारलंय, गाढवा!"

ऑरिननं पुस्तिकेत पाहिलं. खरंच तेच होतं. फक्त पीठ आणि मुलं काढून टाकली होती.

रोज सकाळी तो दोन तास बसू लागला. शून्याखालच्या संख्या त्याला गोठ्याच्या भिंतीवरच्या तापमापकासारख्या दिसू लागल्या. जानेवारीत उणे बावीस असताना तो रस्त्यावर निघायचा, दुपारी उणे नऊ व्हायचं. किती चढलं? तेरा. एवढ्यालाच तो त्या गुरुवारी घाबरला होता. 'क्ष'नं मात्र चार दिवस छळलं. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की क्ष म्हणजे अजून मोजपट्टी न बुडवलेली टाकी. आत दूध आहे हे नक्की, किती ते शोधायचं. काही गोष्टी मात्र आठवेनात, कारण त्या त्याला कधी आल्याच नव्हत्या. वर्गमुळांशी तो दोन दिवस झटला आणि वैतागून पुस्तिका भिरकावली. ती कोठीच्या दारापाशी जाऊन पडली. उचलायला गेला तेव्हा उंबऱ्यावर पाय आपोआप उचलला गेला. तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग परत टेबलाशी येऊन बसला.

शुक्रवारी कॉलेजच्या ग्रंथालयात फुकट शिकवणी असायची. ऑरिनला वाटलं होतं, आपण एकटेच म्हातारे असणार. तिथे एक आजी होती, दोन मुलांचा बाप होता आणि मासिकाच्या आत पुस्तिका लपवून वाचणारी एक अठरा वर्षांची पोरगी होती. ऑरिननं आपली पुस्तिका टेबलावर उघडी ठेवली. कव्हरवर पातेल्याचा तपकिरी गोल डाग होता.

"हे काय सांडलं?" पोरीनं विचारलं.

"अहंकार," ऑरिन म्हणाला. पोरगी हसली. जराशानं तिनंही पुस्तिका मासिकातून बाहेर काढली.

अकरा ऑगस्टला तो पुन्हा परीक्षेच्या खोलीत गेला. मिसेस स्कॉग यांनी पेन्सिली आणि कागद पुढे केले. या वेळी त्यानं ते घेतले, चष्मा पुसला आणि बसला. प्रश्न आला, त्यानं मांडणी केली, उत्तर दिलं. पुढचा प्रश्न अवघड आला. अवघड प्रश्न बघून माणसाला आनंद व्हावा, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं! चार कागद दोन्ही बाजूंनी भरले. वर्गमुळं आली आणि त्यातली बरीचशी चुकली, ते त्यालाही कळलं.

निकालाचा कागद मिसेस स्कॉग यांनी आधी स्वतः वाचला.

"बीजगणित," त्या म्हणाल्या. "सोबत दर शुक्रवारी एक जादा तास मदतीचा. तो चुकवायचा नाही."

"म्हणजे ऑगस्टात..."

"सोळांत तू आहेस."

ऑरिननं टोपी काढली आणि परत घातली. काय करावं ते त्याला कळेना. "जादा तास बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "वर्गमुळं कच्ची आहेत माझी. नमुना खरा आला."

घरी येऊन त्यानं व्हर्नाला फोन केला. "गाढव पास झाला का?" तिनं विचारलं.

"त्या परीक्षेत कुणी पास-नापास होत नाही," ऑरिन म्हणाला. "पण सोळांत गाढव आहे." व्हर्ना रडायला लागली. "मार्लिसला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," ऑरिन म्हणाला. "हवं होतं."

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं मिसेस स्कॉगना विचारून एक पुठ्ठा आणला, त्यावर जाड अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि पुस्तिकांच्या ढिगामागे तो उभा केला. 'आधी ढवळा.' लोक विचारतात, याचा अर्थ काय? मिसेस स्कॉग त्यांना खुर्ची देतात आणि सांगतात.

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण असे तळाच्या नमुन्यावर स्वतःची किंमत ठरवून बसले आहेत. तयारी करणं ही लबाडी नव्हे. जे आपल्यात आहे ते वर येऊ देणं, एवढाच तिचा अर्थ. आपल्या घरातलं कुणी मोठ्या वयात पुन्हा शिकायला निघालं, तर 'जा, काही नसतं त्यात' असं म्हणून त्याला दाराबाहेर लोटू नका. त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, पेन्सिल टोकदार करून द्या. आणि ती पुस्तिका पातेल्याखालून काढा!