गाडा सुटला की कळा बंद

एक कोपर.

एस्केप.

मक्यात शिरलेले दोन बैल.

जू खांद्यावर घेतलेली अंबाबाई.

लाल आकडे, थांबायला तयार नसलेले.

तर कोपर मागच्या यात्रेतलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत, ऐन बारीत, म्हणजे गाडा धावत असताना, घड्याळाच्या टेबलावर कुणीतरी रेललं, लॅपटॉपची एस्केपची कळ दाबली गेली, वेळ शून्य झाली आणि हाणामारी होता होता राहिली. म्हणून पिंपळवंडीच्या आरतीने यंदा लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या वाटेवर फिल्टर ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लिहून बसवला. गाडा सुटला की दाबलेली प्रत्येक कळ तो मधेच गिळणार. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, माथ्यावर निशाणापाशी गाड्याने सेन्सर ओलांडला की घड्याळ थांबणार, कळा मोकळ्या. घड्याळाच्या खुर्चीत पोरगी बसायची ही पहिलीच वेळ. कमिटीची अट एकच: एकदा जरी अडलं, तरी लॅपटॉपच्या आधी वेळ घेणाऱ्या गेणभाऊंचं हातातलं घड्याळ परत येणार.

गेणभाऊ शेजारीच बसले होते. घड्याळ हातात.

सकाळभर लोक रेलले, पोरांनी कळा बडवल्या, काही बिघडलं नाही. आरतीला आभाळ ठेंगणं झालं.

मग राजुरीच्या हौशीरामचा गाडा सुटला. "झाली, झाली, झाली…" निवेदक ओरडला आणि गप्प झाला. अर्ध्या घाटात गळ्यातले पट्टे तुटले. बैल शेजारच्या मक्यात, गाडा जागेवर. फलकावरचे लाल आकडे मात्र पळतच.

००:३१

आरतीने एस्केप दाबलं. गिळलं.

कंट्रोल, आल्ट, डिलीट. तेही गिळलं. माउस तर तिने सकाळीच बंद करून ठेवला होता.

बैल पोचलेच नाहीत तर? हे तिने लिहिलंच नव्हतं. बैलगाडावाल्यांच्या घरातली पोर, आणि तिच्या कोडमध्ये प्रत्येक गाडा सुखरूप निशाणाला जात होता! लॅपटॉप बंद करावा, तर सकाळपासूनच्या सगळ्या वेळा जाणार.

"आरते, तुझं घड्याळ लई इमानी हाय," गेणभाऊ म्हणाले. "बैल गेलं चरायला, तरी ह्ये थांबंना."

०२:०७

तिने माइक ओढला आणि निशाणावाल्याला हाक दिली. "वरचे भाऊ, सेन्सरपुढं हात घाला!"

"न्हाई जमणार, ताई!" वरून आरोळी आली. "गाड्याबिगर कुणी निशाण वलांडायचं न्हाई. कमिटीचा हुकूम हाय!"

अख्खा घाट हसायला लागला.

"गाडाच पायजे ना?" गाड्यापाशी उभा हौशीराम ओरडला. "मग नेतो की राव!" आणि त्याने जू खांद्यावर घेतलं.

"अवं, एकट्यानं वाकडं जाल," म्हणत त्याची बायको अंबाबाई पदर खोचून दुसऱ्या बाजूला घुसली.

हलगी कडाडली. भंडारा उधळला. निवेदकाला पुन्हा कंठ फुटला: "राजुरीची जोडी आली, आली, आली!" आरती खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, "सरळ! सरळ घ्या!"

०४:५२

थांबलं.

"भिर्रर्र!" निवेदक ओरडला.

कळा मोकळ्या झाल्या. आरतीने आधी वेळा सेव्ह केल्या, मग खाली मान घालून उठायला लागली.

"बस खाली," गेणभाऊ म्हणाले. कमिटीकडे वळले. "गाडा पोचला, घड्याळ थांबलं. मग अडलं कुठं?" कमिटी हसून हसून बेजार, नाही म्हणायला कुणाला दम उरला नव्हता. गेणभाऊंनी आपलं घड्याळ खिशात टाकलं. "पर आरते, आता एक कळ उघडी ठिव."

तिने ठेवली. पुढचा गाडा सुटला.

यात्रेआधी, संक्रांतीला आरतीने हा ड्रायव्हर पहिल्यांदा चालवून पाहिला, तेव्हा गाडा नसतानाच सगळ्या कळा बंद झाल्या आणि तिला स्वतःचा पासवर्डही टाकता आला नव्हता.