काकूंच्या मापाची खुर्ची

मी बाहेरची खुर्ची बोलतेय. बाहेरची, हे आधी नीट ऐकून घ्या, कारण माझं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

मला घडवलं काकांनी. काका म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. "बसून घ्या, बसून घ्या" म्हणत उभा जन्म गेलेला माणूस. काकूंचे गुडघे धरले, अंगणातल्या पायरीवरून उठणं जड जाऊ लागलं, तेव्हा काकांनी बाहेर ठेवायच्या लाकडी खुर्चीचा आराखडा छापून आणला आणि सागवानाच्या फळ्या घेतल्या.

आराखड्यातली खुर्ची ठेंगणी होती, मागे रेलून पाय पसरणाऱ्यांची. तिच्यातून काकूंना उठवायला क्रेन लागली असती. म्हणून एकदा काकू भांडी घासत उभ्या असताना काकांनी हळूच सुतळी लावून त्यांच्या गुडघ्याचं माप घेतलं.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. तू भांडी घास."

त्या सुतळीवरून माझे पाय वाढवले. उठताना जोर द्यायला हात रुंद केले. पाणी निथळावं म्हणून बसायच्या पट्ट्यांत फट ठेवली, न गंजणारे स्क्रू घातले, त्यांची डोकी लाकडी बुचांनी झाकली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी कुणासाठी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मग माझ्यावर तेलाचा हात फिरला आणि काकांचं डोकंही फिरलं.

मी इतकी देखणी निघाले की त्यांना मला बाहेर ठेववेना. "उन्हाने रंग जाईल." "पक्षी घाण करतील." मला बैठकीत भिंतीशी उभं केलं, वर जुनी चादर. कुणी आलं की चादर काढायची, सांध्यांवरून पाहुण्याची बोटं फिरवायची, "कुठे स्क्रू दिसतोय का सांगा" म्हणायचं. कुणी टेकायला वाकलं की लगेच, "जरा थांबा हं, तेल ओलं आहे." तेल केव्हाच वाळलं होतं. काकूंनीही एकदा विचारून पाहिलं. त्यांच्यासाठीही ओलंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिच्या गुडघ्याचं माप माझ्या पायांत आहे ती बाई बाहेर पायरीवर, आणि मी आत चादर सांभाळत.

त्या दिवशी शेजारचे टेलरमास्तर आले होते. काका त्यांना माझे सांधे दाखवत होते. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "अहो."

"आलो, आलो," म्हणून काका माझा दुसरा हात दाखवायला लागले. पुन्हा हाक आली. हा आवाज नेहमीचा नव्हता. मला लाकडाला कळलं आणि या माणसाला कळू नये? शेवटी मास्तरच म्हणाले, "अहो, वहिनी बोलावताहेत."

काकू पायरीवर अडकल्या होत्या. गुडघा आखडलेला, कठडा धरून अर्ध्या उठलेल्या आणि पुन्हा खाली बसलेल्या, डोळ्यांत पाणी. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या ओरडल्या नाहीत.

"माझ्या मापाची खुर्ची केलीत ना?" त्या म्हणाल्या. "मग तिच्यावर चादर का बसलीय?"

काका तडक वळले. आत आले, चादर ओढून टाकली आणि एकट्याने मला उचलून अंगणात नेलं. दाराच्या चौकटीला माझा पाय चांगला खरवडला. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. तिथे माझा अर्धा राग उतरला.

आता मी अंगणात असते. ऊन खाऊन राखाडी पडलेय, कावळ्यांनी त्यांना करायचं ते केलंय. काकूंचे तळवे टेकतात तिथे माझे हात गुळगुळीत झालेत, आणि शेजारी त्यांच्या चहाच्या कपाचे गोल डाग आहेत. उठायचं झालं की त्या दोन्ही हातांवर जोर देतात आणि कुणालाही हाक न मारता उठतात.

पण खोड जाते कुठे. काल काका डागांकडे बघत पॉलिशपेपर घेऊन आले. काकूंनी गरम कप उचलला आणि माझ्या कोऱ्या लाकडावर सावकाश टेकवला.

काका, तो कागद आता खिशात ठेवा. तेल वाळलंय.